चौथ्या प्रकरणातल्या विहिरी

उज्जू,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळ्यांचं बोलून झाल्यावर तुझ्या भावाने माईक माझ्या हातात दिला. म्हणाला, भावजी, दोन शब्द. मी उभा राहिलो. समोर तुझ्या कॉलेजातल्या बाया, आपल्या सोसायटीतली माणसं, वाशीमहून आलेली चुलती आणि पहिल्या रांगेत आपली तन्वी. बोलण्यावरच पोट भरणारा माणूस मी. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत असा एक दवाखाना नसेल जिथे औषधांची बॅग घेऊन मी बडबड केलेली नाही. त्या दिवशी घसा खाकरला, 'उज्ज्वला' एवढंच म्हणालो आणि माईक परत दिला.

लोकांना वाटलं, भरून आलं. तसं नव्हतं गं. काय सांगावं तेच ठरेना. तू प्रेमळ होतीस, कष्टाळू होतीस, विद्यार्थ्यांची लाडकी होतीस, हे सगळं आधीच कुणी कुणी बोलून झालं होतं आणि ते खरंही होतं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी तू आपल्या डायनिंग टेबलापलीकडे बसली होतीस, केसांना क्लिप, समोर लाल कव्हरचा प्रबंध, आणि मला म्हणत होतीस, "मिलिंद, हा प्रश्न परत विचार. या वेळी उत्तर मध्येच तोडू नकोस."

ते माईकवर कसं सांगणार? म्हणून इथे सांगतोय.

तुझ्या पीएचडीच्या व्हायवाचं पत्र आलं तेव्हा तू डोसे करत होतीस. मोबाईलवर मेल दिसली, तू गॅस बंद केलास, पीठ तसंच ठेवून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "तारीख आली." एवढी वर्षं त्या प्रबंधामागे काढलीस आणि आता तोंड असं केलंस की वाटावं कोर्टाचं समन्स आलंय. मी म्हटलं, अगं चांगली बातमी आहे. तू म्हणालीस, "लिहिण्याचं काम मला जमतं. समोर बसून प्रश्नांना उत्तरं देणं मला जमत नाही. वर्गात विचारतात ती मुलं असतात. ही माणसं वाचून येणार."

तेव्हा मीच म्हटलं होतं ना, हे काम माझ्याकडे सोड. प्रश्नांना उत्तरं देणं हाच तर माझा धंदा.

तुझा विषय तसा बघायला गेलं तर साधा. उपनगरांतल्या जुन्या गावठाणांमधल्या विहिरी. कुठल्या उरल्या, कुठल्या बुजवल्या, पाणी किती खोल गेलंय, कोण वापरतं. भूगोलाची बाई तू, तुला नकाशात निळा ठिपका दिसला की राहवत नसे. कित्येक रविवार मी तुला बाईकवर मागे बसवून लिंक रोडने पलीकडे नेलं. वाकोला, जोगेश्वरी, कांदिवली. बिल्डिंगांच्या मागे बोळ, बोळाच्या शेवटी कौलारू घर, क्रॉस, अंगणाएवढी जागा आणि तिथे लोखंडी जाळी टाकलेली विहीर. सुरुवातीला आपल्याकडे दोरच होता, फुटाफुटावर गाठी मारलेला. नंतर तू मोठी टेप घेतलीस, मीटरवाली. मी दगड बांधून खाली सोडायचो, तू वाकून बघायचीस आणि आकडा लिहायचीस. लोक विचारायचे, म्युनिसिपालटीतून आलात का? मी म्हणायचो, नाही, मॅडम डॉक्टर होणार आहेत. मग कुणीतरी गुडघेदुखी सांगायला लागायचं.

तर तयारी सुरू झाली. सकाळचा चहा झाला की तासभर, तू कॉलेजला निघण्याआधी. मी टाय लावून बसायचो. तू आधी हसलीस, पण मी म्हटलं, समोरचा माणूस टायमध्ये असणार, सवय कर. पहिला प्रश्न रोज तोच: तुमचं संशोधन दोन मिनिटांत सांगा. पहिल्या दिवशी तू नऊ मिनिटं घेतलीस आणि तरी अजून जोगेश्वरीपर्यंत पोचली नव्हतीस. मी घड्याळ दाखवलं तर चिडलीस.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काहीच नाही. म्हणून तर मला कळेल असं सांग. मला कळलं तर कुणालाही कळेल."

हे मात्र तुला पटलं. आठवडाभरात तू ते बसवलंस. मग बाकीचे प्रश्न. यात नवीन काय? याच विहिरी का निवडल्या, बाकीच्या का नाही? तुमच्या अभ्यासाच्या मर्यादा कोणत्या? हेच काम पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल? तन्वी बंगळूरहून फोनवर यायची आणि मुद्दाम तिरपे प्रश्न टाकायची. "मॅडम, विहिरींचा अभ्यास करून समाजाला काय फायदा?" तू कॅमेऱ्याकडे बघून म्हणालीस, "तुला बोअर होऊ नये हा फायदा." मी म्हटलं, हे तिथे नाही चालणार.

मी तुला माझी सगळी शस्त्रं दिली. प्रश्न आला की आधी 'चांगला प्रश्न आहे सर' म्हणायचं, तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो. नजर हटवायची नाही. हात टेबलावर. आवाज वाक्याच्या शेवटी खाली आणायचा, वर नाही, वर गेला की आपणच विचारतोय असं वाटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'माहीत नाही' कधी म्हणायचं नाही. म्हणायचं, 'त्यावर मी अधिक माहिती घेऊन आपल्याला कळवते.' डॉक्टरसमोर औषध कंपनीचा एमआर गप्प झाला की डॉक्टर बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावतो. गप्प बसणं आपल्याला परवडत नाही.

तुझा प्रॉब्लेम नेमका तोच होता. तू गप्प बसायचीस. प्रश्न विचारला की खिडकीबाहेर बघायचीस. एवढा वेळ की मला वाटायचं, ही विसरली. मग उत्तर द्यायचीस आणि ते उत्तर बरोबर असायचं, पण तोवर माझा जीव वर आलेला असायचा. मी मध्येच हिंट द्यायचो. तू म्हणायचीस, "मी विचार करतेय. अडकलेले नाहीये." मी म्हणायचो, समोरच्याला ते कसं कळणार? हे भांडण आपण किती सकाळी भांडलो, यार. कपातला चहा गार व्हायचा.

तरी तू शिकलीस. 'चांगला प्रश्न आहे सर' म्हणायलासुद्धा शिकलीस, जरी ते म्हणताना तुझा चेहरा औषध गिळल्यासारखा व्हायचा. मला वाटलं, झकास, आता ही कुणाला ऐकत नाही.

आणि मग तुला ती चूक सापडली.

व्हायवाला पंधरा-वीस दिवस राहिले असतील. तू प्रबंध पहिल्या पानापासून परत वाचत होतीस, कुठे काय आहे ते पटकन सापडावं म्हणून रंगीत चिठ्ठ्या लावत. रविवारी दुपारी मी सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. तू हाक मारली नाहीस. बराच वेळ घरात काही आवाजच नव्हता म्हणून मी पेपर काढला, तर तू जमिनीवर बसलेली, भोवती आपण विहिरींवर भरलेले मूळ कागद पसरलेले.

"काय झालं?"

"वाट लागली, मिलिंद."

तू असं कधी बोलायची नाहीस. मी उठून आलो. तू कोष्टक दाखवलंस, चौथ्या प्रकरणातलं. पाण्याची खोली, मीटरमध्ये. त्यातले काही आकडे मीटर नव्हतेच. दोराने मोजलेल्या त्या पहिल्या विहिरींचे होते, फुटांचे. टाईप करताना सगळे एका रकान्यात बसले आणि वर मथळा मीटरचा. बारा फूट खाली असलेलं पाणी तुझ्या प्रबंधात बारा मीटर खाली गेलं होतं. आणि काही कागदांवर तर नुसता आकडा. फूट की मीटर, लिहिलेलंच नाही. त्या दिवशी दोर नेला होता की टेप, दोघांनाही आठवेना.

मी विचारलं, याने काय बिघडतं? तू शांतपणे सांगितलंस. चौथ्या प्रकरणात तू म्हटलं होतंस की जिथे टॉवर उभे राहिले तिथल्या विहिरींचं पाणी खोल गेलंय. ते म्हणणं बऱ्यापैकी याच आकड्यांवर उभं होतं. "कदाचित तरीही खरं असेल," तू म्हणालीस. "पण आत्ता मला ते माहीत नाही."

मी अर्धं मिनिट विचार केला असेल. मग म्हटलं, "कुणी बघणार नाही. चारशे पानांत एक कोष्टक. विचारलंच तर उत्तर तयार ठेवू."

"मी स्वतः सांगणार."

"वेडी आहेस का?"

"पहिल्या पाच मिनिटांत सांगणार. एक स्लाईड करते."

तुझ्या गाईड मॅडमना तू फोन केलास. त्यासुद्धा माझ्याच पार्टीत निघाल्या. म्हणाल्या, विचारलं तर सांग, स्वतःहून कशाला विषय काढतेस? मी विजयी मुद्रेने तुझ्याकडे बघितलं. तू फोन ठेवलास आणि लॅपटॉप उघडून ती स्लाईड करायला घेतलीस.

त्यानंतरचे दिवस आपण दुसऱ्या कशावर बोललोच नाही. मी म्हटलं, आम्ही डॉक्टरला स्वतःहून साईड इफेक्ट सांगतो का? विचारलं तर सांगतो. तू म्हणालीस, "म्हणूनच लोक आजारी पडतात." मी म्हटलं, एवढी वर्षं रात्रंदिवस खपलीस, आपल्याकडे राहणाऱ्या सासूबाईंचं आजारपण, तन्वीची बारावी, सगळं सांभाळून केलंस, आणि आता एका रकान्यासाठी सगळं पाण्यात घालणार? तू म्हणालीस, "पाण्याचाच तर विषय आहे." मला हसू आलं नाही. मला खरंच राग आला होता. तुझ्यापेक्षा जास्त मलाच ती डिग्री हवी होती की काय, कुणास ठाऊक. आपल्या दोघांच्या घरात कुणाच्या नावापुढे 'डॉ.' लागलं नव्हतं. तुझ्या वडिलांना केवढी हौस होती. ते राहिले नव्हते, पण मला वाटायचं, हे व्हायला पाहिजे, सरळ, कुठेही न अडकता.

व्हायवाच्या दिवशी तू निळी साडी नेसलीस. तन्वी सुट्टी काढून आली होती. हॉलमध्ये एसीची घरघर, मागे टेबलावर आपण सांगितलेले समोसे आणि चहाचा थर्मास. माझी एक जुनी कंपनीची बॅग तू बरोबर घेतली होतीस. मला वाटलं, लॅपटॉपसाठी असेल. परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातून आलेले, सडपातळ, प्रवासाने थकलेले वाटत होते. तू सुरुवात केलीस तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून ऐकत होते. दोन मिनिटांत संशोधन, बरोबर दोन मिनिटांत. मी तन्वीला कोपर मारलं.

मग ती स्लाईड आली. 'प्रबंधातील एक चूक.'

परीक्षकांनी डोळे उघडले, चष्मा लावला. "कुठल्या पानावर?"

त्यांना ती दिसली नव्हती, उज्जू. मी शेवटच्या रांगेतून त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांना काहीच माहीत नव्हतं. तू बोलली नसतीस तर अर्ध्या तासात समोसे खाऊन आपण घरी.

त्यांनी पान काढलं, बराच वेळ बघितलं. बाजूला बसलेले कुणी सर, ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, तेही वाकून बघायला लागले. मग परीक्षकांनी विचारलं, "एका कोष्टकात हे झालं. बाकीची कोष्टकं बरोबर आहेत असं आम्ही का मानावं?"

तू गप्प झालीस.

तीच ती खिडकीबाहेर बघण्याची सवय. फक्त तिथे खिडकी नव्हती, तू भिंतीकडे बघत होतीस. मनातल्या मनात मी ओरडत होतो, बोल, चांगला प्रश्न आहे सर म्हण, काहीतरी म्हण. तन्वीने माझं मनगट धरलं, मला वाटतं मी उठतच होतो.

"मानू नका, सर," तू म्हणालीस. "तपासा. मूळ कागद आणलेत."

आणि माझ्या त्या बॅगेतून तू कागदांचे गठ्ठे काढून त्यांच्यासमोर ठेवलेस. त्यांनी मधूनच एक कागद ओढला. ही कुठली विहीर? तू सांगितलंस. कधी गेला होतात, बरोबर कोण होतं? तू सांगितलंस, माझ्याकडे हात करून. दुसरा ओढला. तिसरा. मग एक असा निघाला ज्यावर नुसता आकडा होता.

"इथे एकक नाही."

"नाही, सर. म्हणून ही विहीर मी आता धरत नाही."

"मग तुमच्या चौथ्या प्रकरणाचं काय?"

"ते कमकुवत झालं. पडत नाही असं मला वाटतं. पण परत मोजल्याशिवाय ठामपणे सांगणार नाही."

तुझा आवाज वाक्याच्या शेवटी खाली आला. ते मी शिकवलं होतं, तेवढं श्रेय मी घेतो.

मग आपल्याला थोडा वेळ बाहेर बसवलं. आत बोलावून सांगितलं की प्रबंध स्वीकारावा असं त्यांचं मत आहे, पण शंका असलेल्या विहिरी परत मोजायच्या, उन्हाळ्यातच, पूर्वीसारख्या, आणि चौथं प्रकरण त्याप्रमाणे नव्याने लिहून द्यायचं. त्यानंतरच पुढचं. म्हणजे त्या दिवशी टाळ्या नाहीत, 'डॉक्टर उज्ज्वला' नाही. समोसे गार झाले होते. बाजूचे ते सर मात्र दोन खाऊन गेले.

रिक्षात तन्वी आपल्या मध्ये बसली. सिग्नलला मी म्हटलंच.

"आज मिळाली असती."

"मिळणारच आहे."

"कधी?"

"मोजून झाल्यावर."

"मी सांगत होतो की नाही?"

"हो. सांगत होतास."

तन्वी म्हणाली, "तुम्ही दोघं घरी जाऊन भांडा ना, प्लीज."

घरी जाऊन आपण भांडलो नाही. तू साडी बदललीस, पंखा लावलास आणि पडल्या पडल्या झोपून गेलीस. इतकी गाढ तू कितीतरी दिवसांत झोपली नव्हतीस. मी दारात उभा राहून बघत होतो आणि माझा राग कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं.

मग तो उन्हाळा आला, उज्जू. त्याबद्दलच खरं तर मला माईकवर बोलायचं होतं.

एप्रिल-मे, रविवार सकाळ, ऊन चढायच्या आत निघायचं. परत तीच बाईक, तोच लिंक रोड. पहिल्या वेळी आपण घाईत असायचो, आकडा घ्यायचा आणि पुढची विहीर गाठायची. या वेळी घाई नव्हती. तन्वी मार्गी लागली होती, सासूबाई गेल्या होत्या, घरी कुणी वाट बघत नव्हतं. टेप सोडून झाली की आपण कठड्यावर बसायचो. तू डब्यात काकडी आणि थालीपीठ आणायचीस. जोगेश्वरीला त्या आंब्याखालच्या विहिरीवर तू मला पाण्यातले मासे दाखवलेस, एवढुसे, डासांसाठी सोडलेले. कांदिवलीला ती विहीर सापडलीच नाही. तिच्या जागी पार्किंग झालं होतं. तू त्या वॉचमनशी अर्धा तास बोललीस आणि कागदावर लिहिलंस, 'आता नाही.' मला तुझा चेहरा आठवतो. घरातलं माणूस गेल्यासारखा.

आणि वाकोल्याची सेलिन. पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा तिने आपल्याला अंगणात उभं ठेवून विहिरीच्या जाळीची चावी आणली होती आणि मोजून होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी होती. या वेळी दार उघडल्यावर म्हणाली, "परत आल्या? पहिल्यांदा नीट नाय मोजली काय?"

"नाही," तू म्हणालीस. "चुकले होते."

सेलिन मोठ्याने हसली. "लोक येतात, फोटो काढतात, जातात. चुकले म्हणून परत कोण नाय येत." त्या दिवशी तिने आपल्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तू तिच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहून गप्पा मारत होतीस, मसाला कुठल्या महिन्यात कुटतात, विहिरीवरून लग्नाचं पाणी कसं आणतात, आणि मी बाहेर तिच्या नवऱ्याबरोबर कॅरम खेळत होतो. नंतर तुम्ही दोघी फोनवर बोलायला लागलात. माझ्या लक्षातही आलं नाही कधी एवढी मैत्री झाली.

तिच्या विहिरीच्या कठड्यावरच मी तुला विचारलं होतं, त्या माणसाने 'का मानावं' म्हटलं तेव्हा तुला काय वाटलं? भीती नाही वाटली?

तू टेप गुंडाळत होतीस. म्हणालीस, "पाय लटपटत होते. साडीमुळे दिसलं नाही."

"मग?"

"मग काय. तुझ्यासमोर बसून ते पाठ केलेलं उत्तर म्हणताना यापेक्षा जास्त लटपटायचे."

मी त्यावर काहीतरी चावट बोललो आणि विषय गेला. आज वाटतं, तेव्हाच सांगायला हवं होतं की शेवटच्या रांगेत बसून मला घाम फुटला होता, पण त्याच वेळी माझी छाती फुगली होती. दोन्ही एकदम. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. वाटलं, सांगू कधीतरी, घाई काय आहे.

तुझं म्हणणं अर्धंच टिकलं. काही ठिकाणी टॉवरजवळच्या विहिरींचं पाणी खोल गेलं होतं, काही ठिकाणी अजिबात नाही. तू तसंच लिहिलंस. दिवाळीच्या आधी सगळं मार्गी लागलं आणि तू रीतसर डॉक्टर झालीस. तन्वीने केक मागवला. तू एक तुकडा खाल्लास आणि म्हणालीस, आता मला झोपू दे.

मध्यंतरी मी तुझं बघून एकदा भांडुपच्या एका डॉक्टरांना नव्या गोळीचा साईड इफेक्ट स्वतःहून सांगितला होता. ते पेन खाली ठेवून म्हणाले, "बरं वाटत नाहीये का तुला?" घरी येऊन तुला सांगितलं तर तू ओट्यावर हात आपटून हसलीस. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आणि मग ती सकाळ. तू कॉलेजला निघाली होतीस, चप्पल घालायला दाराशी वाकलीस आणि तिथेच बसलीस. त्यावर मी आज लिहिणार नाही.

आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, बरं का. मी अजूनही म्हणतो, त्या दिवशी तू गप्प बसली असतीस तर काही बिघडलं नसतं. तुला डिग्री आधी मिळाली असती, कॉलेजात बढतीचा अर्ज त्याच वर्षी गेला असता. पण मी जेव्हा जेव्हा हे मनात मांडतो तेव्हा मला दिसतं की मग तो उन्हाळा झाला नसता. थालीपीठ नाही, मासे नाहीत, कठडा नाही. आपण घरी टीव्ही बघत बसलो असतो आणि तुझा शेवटचा उन्हाळा तसाच निघून गेला असता. तू माझं ऐकलं नाहीस म्हणून तो मला मिळाला. एवढं मी मान्य करतो. बाकी मुद्दा माझाच बरोबर आहे.

गेल्या आठवड्यात सेलिनच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका आली तुझ्या नावाने. डॉ. उज्ज्वला, आणि खाली माझं. जावं की नाही हे ठरत नव्हतं. तन्वी म्हणाली, जा, आई गेली असती. मी लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गेलो, पाणी आणायचं असतं त्या वेळी. तुला ते बघायचं होतं, मला आठवत होतं.

बोळातच बँड लागला होता. बायका लुगडी नेसून, केसांत फुलं घालून, घागरी घेऊन निघालेल्या. त्यांच्या पुढे सेलिन, हिरव्या लुगड्यात, नाचत. मला बघितल्यावर हात वर केला आणि गर्दीतून वाट काढत आली.

"डॉक्टरीणबाई कुठाय? मागून येते?"

तिला माहीत नव्हतं. कुणी कळवणार? मीच कळवायचं होतं, ते माझ्याकडून राहिलं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तब्येत जरा बरी नाही, तिने शुभेच्छा सांगितल्यात. लग्नघर, बँड वाजतोय, पोरीचा दिवस. कुणीही हेच सांगितलं असतं आणि त्यात कुणाचं काही गेलं नसतं. मी बोललो नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सेलिन माझ्याकडे बघत उभी होती आणि तिने मला घाई केली नाही.

"सेलिन, उज्ज्वला गेली," मी म्हटलं. "दिवाळीनंतर. मला कळवायला सुचलं नाही."

तिने कडेवरची घागर खाली ठेवली. माझा दंड धरला आणि तसंच धरून विहिरीपर्यंत नेलं. मी म्हटलं, मी मागे थांबतो, शुभकार्य आहे. ती म्हणाली, "गप ऱ्हा."

जाळी काढलेली होती, कठड्यावर मेणबत्त्या. सेलिनने हात वर केल्यावर बँड थांबला. पाणी काढायच्या आधी ते प्रार्थना करतात, हे तूच मला सांगितलं होतंस. घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात. तिने एकेक नाव घेतलं. तिचे आईबाप, सासरा, लहानपणी गेलेला भाऊ. प्रत्येक नावाला बायका हळू आवाजात साथ देत होत्या. मी मान खाली घालून हात जोडून उभा होतो. भावाचं नाव झालं.

"आनी आमची उज्ज्वलाबाय," ती म्हणाली.

बायकांनी ते नावही तसंच म्हटलं, बाकीच्यांसारखंच. त्यातल्या बऱ्याच जणींनी तुला कधी बघितलंही नसेल.

मग बादली सोडली. आवाज लगेच आला. पाणी वर होतं.